काट्याची साक्ष

मोटारीच्या डॅशबोर्डावर जी चार-पाच उपकरणे मांडलेली असतात, त्यांपैकी वेगाच्या काट्याकडे आपण कौतुकाने पाहतो, घड्याळाकडे घाईने पाहतो, आणि पेट्रोलच्या काट्याकडे मात्र महिनाअखेरीस पाकिटाकडे पाहावे तसे पाहतो. तो पावावर आला की मनातल्या मनात अंतराचा हिशेब सुरू होतो. तळाला टेकला की पुढचा पंप दिसेपर्यंत गाडीतील गप्पा थांबतात. परंतु इतका भरवसा आपण ज्याच्यावर ठेवतो, त्या काट्याने पेट्रोल कधी पाहिलेले नसते. पेट्रोल असते गाडीच्या पाठीमागे, काटा असतो पुढे. मधल्या दहा-बारा फुटांत पाण्यावर तरंगावी तशी पेट्रोलवर तरंगणारी एक डबी, एक दांडी, बारीक तारेचे एक वेटोळे, एक लांब वायर, पत्र्याची एक चिमुकली पेटी आणि दोन धातूंची एक पट्टी असे मध्यस्थ उभे असतात. प्रत्येकाने मागच्याकडून निरोप घ्यायचा आणि पुढच्याला सांगायचा. जुन्या गाडीत हा निरोप चुकू लागला म्हणजे तो नेमका कोणापाशी चुकला हे कसे शोधावे, याविषयी मी आज बोलणार आहे.

आरंभीच्या मोटारींना ही यातायात नव्हती. हेन्री फोर्ड यांची 'मॉडेल टी' गाडी १९०८ ते १९२७ या काळात लाखोंनी तयार झाली. तिच्या बहुतेक नमुन्यांत टाकी पुढच्या बैठकीखाली असे. गादी उचलायची, झाकण काढायचे, आत काठी बुडवायची आणि ओल कोठवर चढली ते पाहायचे. जर्मनीची फोक्सवॅगन 'बीटल' ही तर साठच्या दशकाच्या आरंभापर्यंत काट्यावाचूनच चालली. इंजिन अडखळू लागले की चालकाने पायाशी असलेली एक तोटी फिरवायची आणि राखून ठेवलेल्या थोड्या पेट्रोलवर पंप गाठायचा. आपल्याकडे ज्यांनी बजाजची स्कूटर चालवली आहे त्यांना ही 'रिझर्व्ह'ची तोटी निराळी समजावून सांगायला नको. चालत्या स्कूटरवर वाकून ती चाचपडण्याचे कौशल्य एका संबंध पिढीने संपादन केले होते. या व्यवस्था ओबडधोबड होत्या खऱ्या, पण काठीच्या आणि पेट्रोलच्या मध्ये कोणी नव्हते.

पुढे टाकी सुरक्षिततेसाठी मागे गेली, आणि बसल्या जागी माप दिसावे अशी अपेक्षा निर्माण झाली. तेव्हा विजेचा आश्रय घ्यावा लागला. टाकीच्या आत एका दांडीच्या टोकाला पितळेची पोकळ डबी किंवा बुचाचा तुकडा बसवलेला असतो. आपल्या गॅरेजांत या संबंध जोडणीलाच 'फ्लोट' म्हणतात, आणि तोच शब्द मी वापरतो. पेट्रोल चढले की डबी चढते, उतरले की उतरते. दांडीच्या दुसऱ्या टोकाशी असलेली पातळ पत्री त्याबरोबर तारेच्या वेटोळ्यावरून सरकते. वेटोळ्याचा जितका भाग विजेच्या वाटेत येईल तितका तिला रोध अधिक. म्हणजे पेट्रोलची उंची येथे विजेच्या रोधात रूपांतरित होते, आणि तो रोध वायरीतून पुढे जातो.

पुढे बसलेल्या काट्यांची मुख्यतः दोन कुळे आहेत. पहिल्या कुळात दोन वेटोळी एका लोखंडी तुकड्याला आपापल्या बाजूला ओढतात, आणि त्या ओढाताणीत काटा जेथे स्थिरावेल तेथे वाचायचे. हा काटा चपळ असतो. वळणावर पेट्रोल हिंदकळले की तोही हिंदकळतो. दोन्ही वेटोळ्यांना एकाच बॅटरीची वीज मिळत असल्यामुळे विजेचा दाब थोडा वरखाली झाला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. दुसरे कूळ साठच्या दशकात ब्रिटिश धर्तीच्या गाड्यांतून रूढ झाले. त्यात दोन भिन्न धातू एकमेकांना चिकटवून केलेली पट्टी असते आणि तिच्याभोवती तार गुंडाळलेली असते. तारेतून वीज गेली की ती तापते. पट्टीचे दोन धातू कमीअधिक प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि काटा सरकतो. हा काटा स्वभावाने संथ. किल्ली फिरवल्यावर तो हळूहळू वर चढतो आणि जागेवर यायला अर्धा-एक मिनिट घेतो. खाचखळग्यांनी तो विचलित होत नाही, हा त्याचा गुण.

पण या संथ काट्याची एक अडचण आहे. तो उष्णतेवर चालतो, आणि तारेतील उष्णता विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बॅटरी १२ व्होल्टची असते असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात इंजिन चालू असता हा दाब साडेतेरा व्होल्ट किंवा त्याहूनही वर जातो, आणि इंजिन बंद करून दिवे जळत ठेवले तर बाराच्या खाली उतरतो. अशा चंचल दाबावर उष्णतेचे माप कसे चालावे? म्हणून या कुळातील गाड्यांत स्टॅबिलायझर नावाची पत्र्याची एक पेटी बसवलेली असते. आकाराने ती काड्यापेटीपेक्षा मोठी नसते. तिच्यातही दोन धातूंची एक पट्टी असते. ती तापली की संपर्क तुटतो, निवली की जुळतो, आणि या उघडझापीतून सरासरीने १० व्होल्टांइतका दाब बाहेर पडतो. पेट्रोलचा काटा आणि इंजिनाच्या उष्णतेचा काटा या दोघांनाही वीज या एकाच पेटीतून मिळते. श्रोत्यांनी ही एक गोष्ट क्षणभर ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

आपल्या देशात या विषयाचा विचार करताना अँबेसेडर गाडी डोळ्यांपुढे येणे स्वाभाविक आहे. ब्रिटनमधील मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीच्या तिसऱ्या मालिकेवरून हिंदुस्थान मोटर्सने कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथे ती १९५७ च्या सुमारास बनवायला घेतली, आणि मे २०१४ मध्ये ते काम थांबले. सुमारे ५४ लिटरांची, म्हणजे १२ ब्रिटिश गॅलनांची टाकी तिने मूळ गाडीकडून वारशाने घेतली. सरकारी कचेऱ्यांच्या आवारात एके काळी दुसरी गाडी क्वचितच दिसे. आता ज्या थोड्या उरल्या आहेत त्या हौशी माणसांकडे किंवा हट्टी माणसांकडे.

आमच्या शेजारचे एक सद्गृहस्थ या दुसऱ्या वर्गातले. पुण्यात माध्यमिक शाळेत आयुष्यभर गणित शिकवून ते निवृत्त झाले. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणतो. वय ७४. ऐंशीच्या दशकातली अँबेसेडर त्यांनी फार वर्षांपूर्वी सरकारी निर्लेखित गाड्यांच्या लिलावात घेतली आणि तेव्हापासून ती स्वतः चालवली. मुलगी नाशिकला असते. वर्षातून तीन-चार वेळा सर आणि काकू तिच्याकडे जातात ते याच गाडीने.

दीड वर्षाच्या अवधीत ही गाडी तीन वेळा पेट्रोलवाचून वाटेत थांबली. पहिल्या दोन वेळा गावातच थांबली, त्यामुळे फारसा बोभाटा झाला नाही. तिसऱ्या खेपेस मात्र संगमनेरच्या अलीकडे चंदनापुरीच्या घाटात, रात्री, काकू बरोबर असताना थांबली. मुलगा दुसरी गाडी घेऊन पोहोचेपर्यंत दोन-अडीच तास गेले. मागून येणाऱ्या ट्रकांना दिसावे म्हणून सरांनी तोवर दिवे चालू ठेवले होते. मुलाने येताच किल्ली फिरवून पाहिली, तर काटा जवळजवळ तळाशी होता.

"बाबा, काटा तर खाली आहे. तुम्ही पाहिला नाहीत का?"

"मी पाहिला होता," सर म्हणाले. "पावावर होता."

घरी परतल्यावर जे व्हायचे ते झाले. बाबांचे आता लक्ष राहत नाही, असे ठरले. आधीच्या दोन प्रसंगांचे अर्थ नव्याने लावले गेले. औषधाची गोळी एकदा दोनदा घेतली होती, तेही कोणाला तरी आठवले. मुलगा काही वाईट नाही. उलट काळजीनेच बोलत होता, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीच्या आधाराने बोलत होता. त्याने गाडीची किल्ली आपल्या कपाटात ठेवली. सर पावाचा आग्रह धरत राहिले, आणि जितका आग्रह धरला तितका तो म्हातारपणाचा हेकटपणा ठरत गेला.

मला या प्रकरणात शिरायचे कारण म्हणजे सरांची वही. त्यांच्याकडे प्रत्येक वेळी भरलेल्या पेट्रोलची नोंद आहे हे मला ठाऊक होते. दिनांक, गाडीचे किलोमीटर, भरलेले लिटर आणि भरण्यापूर्वी काट्याची स्थिती असे चार रकाने, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी टाकी काठोकाठ भरण्याची शिस्त. महसुली दप्तर वाचण्यात ज्याची उमेद गेली त्याला अशी वही म्हणजे मेजवानीच. दप्तर वाचताना रकान्यांच्या आधी समासातले शेरे पाहावेत, असे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी एका जुन्या अव्वल कारकुनाने शिकवले होते. सरांच्या वहीच्या समासातही शेरे होते. एक असा: 'भरल्यानंतर पहिले २०० कि.मी. काटा हलत नाही.' दुसरा: 'सिग्नलला दिवे लावून थांबले असता काटा उतरतो, निघाल्यावर पुन्हा चढतो.' तिसरा, थोडासा उपरोधाने लिहिलेला: 'गॅरेजवाले म्हणतात ट्यूनिंगमुळे ॲव्हरेज वाढले.'

मग रकाने पाहिले. अनेक वर्षे काटा पावावर असताना टाकीत ४० ते ४१ लिटर मावत होते. म्हणजे १३-१४ लिटर शिल्लक असत आणि काटा प्रामाणिक होता. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर मात्र काटा त्याच पावावर असताना ४८, ४९, एकदा तर ५० लिटर भरलेले. म्हणजे पावाच्या खुणेवर टाकीत १३ नव्हे, जेमतेम ५ लिटर उरत होते. काट्याचे म्हणणे विरुद्ध पंपाचे म्हणणे असा सवाल असेल तर पंपाचे ग्राह्य धरावे लागते, कारण पंपाच्या मापाची वैध मापन खात्याकडून पडताळणी होते आणि शंका आल्यास ग्राहकाला तेथेच ५ लिटरांच्या प्रमाणित मापाने ते तपासून मागता येते. शिवाय सर एकाच पंपावर भरत नसत. सगळे पंप एकाच दिवाळीपासून एकाच प्रमाणात बिघडले, असे मानणे कठीण होते.

त्या दिवाळीत काय झाले होते? वहीतच उत्तर होते. गाडीचे डेंटिंग-पेंटिंग झाले होते आणि डॅशबोर्डाचा पत्राही उतरवून रंगवला होता. त्यानंतरच्या नोंदी वाचताना मला हसू आले आणि वाईटही वाटले. दोन महिन्यांनी 'इंजिन गरम दाखवते, रेडिएटर साफ केला.' पुढच्या उन्हाळ्यात 'थर्मोस्टॅट बदलला.' पावसाळ्यात पुन्हा 'रेडिएटर रॉडिंग.' पेट्रोलच्या काट्याबद्दल तक्रार केली तेव्हा टाकीतला फ्लोटही बदलून दिला होता, आणि काटा होता तसाच राहिला. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! पेट्रोलचा काटा जास्त दाखवत होता आणि उष्णतेचा काटाही जास्त दाखवत होता. पण एक तक्रार टाकीच्या खात्यावर मांडली गेली आणि दुसरी रेडिएटरच्या. दोघांना वीज पुरवणारी पेटी एकच आहे, हे कोणी जमेस धरले नाही.

श्रोत्यांच्या लक्षात आले असेलच. स्टॅबिलायझरच्या आतील तापणाऱ्या तारेचे एक टोक पेटीच्या पत्र्याला जोडलेले असते, आणि तो पत्रा एका स्क्रूने गाडीच्या अंगाशी घट्ट बसवून 'अर्थ' केलेला असतो. त्या स्क्रूखाली रंगाचा थर आला किंवा गंज चढला, तर तारेतून वीज वाहतच नाही. वीज नाही म्हणून ती तापत नाही, तापत नाही म्हणून संपर्क तुटत नाही, आणि बॅटरीचा सगळा दाब जसाच्या तसा दोन्ही काट्यांवर जाऊन पडतो. मग भरलेल्या टाकीचा काटा वरच्या खुणेला चिकटून राहतो आणि पेट्रोल अर्ध्यावर येईपर्यंत हलत नाही. दिवे लावले, इंजिन मंदावले की दाब उतरतो आणि काटाही उतरतो. सरांच्या समासातले दोन्ही शेरे याच रोगाची लक्षणे होती.

घाटातला प्रसंगही यातूनच उलगडतो. चढावर इंजिन जोरात चालू होते, दाब साडेतेराच्या आसपास. काटा पाव दाखवत होता आणि सर म्हणतात त्याप्रमाणे त्यांनी पाव पाहिला होता. टाकीत होते पाचेक लिटर. चढावर एवढेसे पेट्रोल टाकीच्या मागच्या अंगाला गोळा होते आणि शोषनळीचे तोंड उघडे पडू शकते. गाडी थांबायला टाकी कोरडी व्हावी लागत नाही. पुढे इंजिन बंद, दोन-अडीच तास दिवे चालू, बॅटरी उतरलेली. मुलाने किल्ली फिरवली तेव्हा दाब इतका खाली आला होता की बिघडलेला काटाही खऱ्याच्या जवळ येऊन बसला होता. बापाने पाव पाहिला, मुलाने तळ पाहिला, आणि दोघेही आपापल्या डोळ्यांशी खरे बोलत होते. मधल्या वेळात काट्याने जबानी बदलली होती.

हे सगळे कागदावरचे अनुमान. ते पडताळायला मी ओळखीच्या एका वायरमनला बोलावले. साठीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने प्रथम काटा वर चढण्याची गती पाहिली आणि म्हणाला, "गरम होऊन चालणारा काटा आहे. याला पेटी असणार." डॅशबोर्डामागे हात घालून त्याने पेटी शोधली आणि इंजिन चालू ठेवून तिच्या बाहेर येणाऱ्या वायरीवर व्होल्टमीटर लावला. पेटी निरोगी असती तर मीटरचा काटा थांबून थांबून उसळताना दिसला असता. तो १३.६ वर निश्चल उभा राहिला. मग त्याने वायरीचा एक तुकडा घेऊन एक टोक पेटीच्या पत्र्याला आणि दुसरे बिनरंगाच्या एका बोल्टला टेकवले. टाकी तेव्हा निम्मी होती आणि काटा 'फुल'वर. पाहता पाहता, एखादा दमलेला माणूस जिना उतरावा तसा, काटा उतरत उतरत अर्ध्यावर आला आणि थांबला. शेजारचा उष्णतेचा काटाही मधोमध येऊन बसला. रेडिएटर गेली दोन वर्षे निर्दोष होता.

"दुखणं एकच होतं, साहेब," वायरमन म्हणाला. "औषध दोन ठिकाणी लावत बसले."

सरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि वहीच्या समासात साडेतेराचा वर्ग भागिले दहाचा वर्ग असे मांडून उत्तर लिहिले: १.८२. एवढ्या पटीने दोन्ही तारा अधिक तापत होत्या. मुलगा दारात उभा राहून सगळे पाहत होता. तो आत गेला आणि किल्ली घेऊन आला. कोणी काही बोलले नाही. काकूंनी चहा आणला. दुरुस्ती म्हणाल तर स्क्रूखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडणे आणि पेटीपासून गाडीच्या अंगापर्यंत एक स्वतंत्र वायर टाकणे, एवढीच होती.

प्रत्येक जुन्या गाडीत रोग हाच असेल असे नाही. पितळी डबीला डाख सुटून बारीक भोक पडते, आत पेट्रोल शिरते, डबी जड होऊन बुडते आणि भरल्या टाकीतही काटा खाली राहतो. वेटोळ्याची तार एखाद्या ठिकाणी झिजते, मग काटा तेवढ्या टप्प्यावर उडी मारतो. टाकीला गंज चढून तिचाच अर्थ तुटतो. बुचाच्या तरंगाला पूर्वी पुष्कळदा लाखेचे रोगण देत असत. लाख मद्यार्कात विरघळते, आणि २०२५ पासून आपल्याकडील पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, म्हणजे मद्यार्कच मिसळला जात आहे. तेव्हा ज्यांच्या गाडीत असा जुना तरंग असेल त्यांनी तो एकदा काढून पाहावा हे बरे. इथेनॉल हवेतील पाणीही शोषून घेते, आणि महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या लोखंडी टाकीला ते मानवत नाही.

तपासणीची एक सोपी युक्ती सर्वश्रुत आहे. टाकीवरील फ्लोटची वायर सोडवायची आणि काटा काय करतो ते पाहायचे. पण येथे आधी कूळ विचारावे. गरम होऊन चालणारा काटा वायर सुटताच रिकामी टाकी दाखवतो. ओढाताणीने चालणारा जुना ब्रिटिश काटा त्याच क्षणी भरलेली टाकी दाखवतो. हे ज्याला ठाऊक नाही तो चांगला काटा फेकून देतो. फ्लोट बदलतानाही हाच विवेक हवा. ब्रिटिश धर्तीच्या गरम काट्याला रिकाम्या टाकीपाशी २०० ओहमहून अधिक आणि भरलेल्या टाकीपाशी २०-३० ओहमच्या आसपास रोध लागतो; अमेरिकेतील कित्येक गाड्यांत क्रम नेमका उलटा, रिकाम्याला कमी आणि भरल्याला अधिक. भोके जुळली म्हणून दुकानातला कोणताही फ्लोट बसवला, तर पेट्रोल संपत जाईल तसा काटा चढत जाण्याचा चमत्कारही घडू शकतो.

आणखी एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगितली पाहिजे. फ्लोट टाकीतून काढायचा असेल तर बॅटरीची वायर आधी सोडवावी, काम उघड्यावर करावे, आणि गाडी खड्ड्यावर उभी करून करू नये, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खड्ड्यात साचते. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक भयंकर. आत सगळी वाफच असते. फ्लोटच्या टोकाला बॅटरीची वायर थेट लावून 'करंट येतो का' पाहणारे महाभाग मी पाहिले आहेत. तार जळते हे तर झालेच, पण ती जळते कोठे, तर टाकीच्या तोंडाशी.

गरम काट्याच्या पाठीमागे सहसा दोन लहान भोके असतात. त्यांतून आतल्या दातेरी पट्ट्या फिरवून काट्याची खालची आणि वरची खूण जुळवता येते. ही सोय उपयोगाची आहे, आणि हिचा मोहही फार पडतो. सरांच्या गाडीत रंगकामानंतर कोणी ही भोके उघडून काटा खाली ओढला असता, तर दिवसा इंजिन चालू असताना तो कदाचित ठीक दिसला असता. पण रात्री दिवे लावताच पुन्हा चुकला असता, आणि मूळ दोष कायमचा झाकला गेला असता. माझे स्पष्ट मत असे, की टाकी, फ्लोट, वायर, अर्थ आणि पेटी या सर्वांची तपासणी झाल्यावाचून काट्याला हात लावू नये. कागदावरचा आकडा वरच्या कचेरीच्या अपेक्षेप्रमाणे नाही म्हणून तो तहसिलीतच सुधारून घेण्याचा प्रकार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगण्याची जरूर नाही.

पेटीचे काम झाल्यानंतरच्या रविवारी आम्ही टाकी मोजली. ती पूर्ण रिकामी करून सपाट जागी गाडी उभी केली आणि पाच-पाच लिटर पेट्रोल घालत, दर वेळी दोन मिनिटे थांबून, काटा टिपला. नव्या फ्लोटचे आणि जुन्या काट्याचे तंतोतंत जुळणार नाही हे अपेक्षितच होते. टाकीही चौकोनी पेटी नसते. तिला कडांचे गोलवे असतात, तळाला उंचवटे असतात, त्यामुळे उंची निम्मी म्हणजे पेट्रोल निम्मे असे होत नाही. काटा अर्ध्यावर आला तेव्हा टाकीत २७ नव्हे, २४ लिटर होते, पावावर १२, आणि रिकामेपणाच्या खुणेवर अजून ४. वायरमन म्हणाला, भोकांतून थोडे फिरवून अर्धा बरोबर करून देतो. सरांनी नको म्हटले. एक खूण जुळवली की दुसरी सुटेल हे त्यांनी आकडे मांडून त्याला दाखवले, आणि तळाचे ४ लिटर हाताशी राहिलेले बरे असे काकूंनी सांगितले. तेव्हा काटा आहे तसाच ठेवला.

सरांनी त्या आकड्यांचा एक तक्ता सुवाच्य अक्षरात लिहून चालकाच्या बाजूच्या सूर्यपट्टीवर आतून चिकटवला आहे. तो मुलानेही वाचला. पुढच्या खेपेस नाशिकला जाताना गाडी सरांनीच चालवली. जाताना नारायणगावला पेट्रोल घेतले. वहीतली नोंद मी पाहिली आहे: 'काटा अर्धा. भरले २९.८ लिटर.' समास कोरा आहे.